डेथ व्हॅलीत गोल्डन कॅन्यन ते गावर गल्च: जुन्या खाणींच्या वाटेवरचा ट्रेक कसा करायचा

कॅलिफोर्नियातली आपली बरीच मंडळी थँक्सगिव्हिंग नाहीतर ख्रिसमसच्या सुट्टीत डेथ व्हॅली नॅशनल पार्कला जातात, बॅडवॉटरला मिठावर फोटो, झब्रिस्की पॉइंटला सूर्योदय, आणि झालं, गाडी परत वेगासला. पण झब्रिस्कीवरून खाली ती पिवळी-सोनेरी मातीची रांग दिसते ना, तिच्या पोटातून चालत जाता येतं आणि माझ्या मते अख्ख्या पार्कातला सगळ्यात सुंदर ट्रेक तोच आहे. गोल्डन कॅन्यनने वर चढायचं, मॅनली बीकन नावाच्या टोकदार सुळक्याच्या खालची खिंड ओलांडायची आणि गावर गल्च या घळीने उतरायचं. लूप साधारण 4.3 मैलांचा, चढ हजार फुटांच्या आतला, आरामात गेलात तर तीन-चार तास.

आधी सीझन. नोव्हेंबर ते मार्च, बस. 10 जुलै 1913 ला इथे फर्नेस क्रीकला 134 फॅरनहाइट म्हणजे 56.7 सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तो आजही जागतिक विक्रम धरतात. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात ट्रेक करूच नका असं पार्कवाले स्वतः सांगतात, आणि ते उगाच सांगत नाहीत. जुलै 2023 मध्ये 71 वर्षांचे एक गृहस्थ याच भागात फिरून आले आणि गोल्डन कॅन्यनच्या पार्किंगमधल्या टॉयलेटपाशी कोसळले, ते गेलेच. त्या दिवशी 121 फॅरनहाइट होतं आणि इतक्या गरम हवेत हेलिकॉप्टरला उडता येत नाही त्यामुळे तेही येऊ शकलं नाही. म्हणून कृपा करून जूनमध्ये घरच्यांना घेऊन "जाऊ थोडंसं आत" म्हणू नका.

पाणी. सह्याद्रीत फिरलेल्या लोकांना एक सवय असते, गडावर टाकं असेल, वाटेत वाडी लागेल, कुणीतरी ताक देईल. इथे यातलं काहीही नाही, थेंबभर पाणी नाही आणि विचारायला माणूस नाही. दिवसाला माणशी चार लिटर हा पार्कचा किमान हिशोब आहे, तो हिवाळ्यातही पाळायचा. हवा इतकी कोरडी की घाम येतोय हेच कळत नाही, अंग कोरडं राहतं आणि आपल्याला वाटतं आपण मस्त आहोत. सोबत खारे शेंगदाणे, चिवडा, असलं मिठाचं काहीतरी ठेवा. अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, समोर कितीही भारी दिसत असलं तरी.

फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, मॅप आदल्या दिवशीच ऑफलाइन डाउनलोड करा.

आता वाट. उजाडता उजाडता गोल्डन कॅन्यनच्या पार्किंगमधून निघा, सुरुवातीला भिंतींची सावली मिळते. पायाखाली मधेमधे डांबराचे तुकडे दिसतील, कारण इथे आधी चक्क गाडीरस्ता होता, 1976 च्या पुरात वाहून गेला आणि मग पुन्हा बांधलाच नाही. ते तुकडे बघितले की पावसाचा अंदाज असताना कॅन्यनमध्ये का शिरायचं नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. डोक्यावर निळं आकाश असलं तरी पाऊस मैलोन्‌मैल लांब डोंगरावर पडतो आणि लोंढा इथे येतो. मैलभराने फाटा येतो, सरळ गेलात तर रेड कॅथेड्रल हा लाल कडा, उजवीकडे मॅनली बीकनची खिंड. खिंडीजवळची माती भुसभुशीत आहे, वरून खड्यांचा थर, चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच, आणि फोटोसाठी आडव्यातिडव्या धारांवर चढू नका, ती धार सुटते आणि बुटांचे ठसेही वर्षानुवर्षं तसेच राहतात.

खिंडीपलीकडे उतरलं की झब्रिस्कीकडे जाणारी वाट सोडून गावर गल्च धरायचं. इथे भिंतींमध्ये पांढरट पट्टे दिसायला लागतात, ते बोरेटचे, म्हणजे ज्यापासून बोरॅक्स हा क्षार मिळतो त्या खनिजाचे, आणि त्यांच्या आसपास डोंगरात काळी भोकं, माणूस वाकून शिरेल एवढी. ह्याच त्या बोरॅक्स काढणाऱ्यांच्या जुन्या खाणी.

आत जायचं नाही. टॉर्च असली तरी नाही, दोन पावलंसुद्धा नाही, मुलांना तर आधीच सांगून ठेवा. लोकांना वाटतं छत कोसळेल एवढीच भीती आहे, पण आत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि ते वासाने कळत नाही, बोगद्याच्या तळात सरळ खाली गेलेला खड्डा अंधारात दिसत नाही, त्यावर टाकलेल्या फळ्या कुजून पाय पडायची वाट बघत असतात, जुन्या खाणींत उरलेली स्फोटकंही सापडतात. सावली बघून रॅटलस्नेकही तिथेच बसतो. जिथे तोंडाला जाळी लावली आहे तिथे ती हलवू नका. बाहेर पडलेलं गंजकं लोखंड, डबे, काहीही उचलायचं नाही, तो पार्कचा ठेवा आहे आणि उचलणं गुन्हा आहे.

खाली येताना गल्च अरुंद होत जातं आणि एकदम संपतं, समोर सुमारे 30 फुटांचा कोरडा धबधबा. तिथून उतरायचा प्रयत्न नको, उजव्या हाताला कड्याच्या अंगाने वाट आहे, ती शोधा, दिसते. मग पायथ्याने पार्किंगपर्यंत उत्तरेकडे चालायचं, हा शेवटचा टप्पा पूर्ण उन्हात आहे म्हणून त्याच्यासाठी एक बाटली राखून ठेवायची.

खाणींचीच जास्त आवड असेल तर दुसऱ्या दिवशी कीन वंडर माईन करा. सोन्याची खाण, धोकादायक म्हणून 2008 पासून बंद होती, 2017 मध्ये पुन्हा उघडली. रोपवेचे जुने लाकडी मनोरे अजून उभे आहेत, भरलेल्या बादल्या स्वतःच्या वजनाने खाली यायच्या आणि रिकाम्या वर ओढल्या जायच्या. वरच्या मनोऱ्यांपर्यंतचा चढ मात्र दमवणारा आहे, सावली अजिबात नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालूनच बघा, तिथूनही बरंच दिसतं.