चिकुनगुनियाचा ताप उतरल्यावर सांधे कसे सांभाळावेत

चिकुनगुनियाचा ताप बहुधा आठवड्याभरात उतरतो. मनगटे, बोटे, घोटे आणि गुडघे मात्र त्यानंतर कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत अनेक महिने आखडलेले राहतात. या आजाराचे नाव टांझानियातील माकोंडे लोकांच्या भाषेतून आले असून दुखण्याने वाकून जाणे असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे १९७३ मध्ये बार्शीत आणि पुढे २००६ मध्ये राज्यभर त्याची साथ आली, तेव्हा भिंतीला धरून चालणारी माणसे पुष्कळांनी पाहिली आहेत.

औषधांच्या बाबतीत पहिली खबरदारी डेंग्यूची. दोन्ही आजार एडिस डासामुळेच पसरतात आणि कधी कधी एकाच रुग्णाला एकत्र होतात. त्यामुळे डेंग्यू नाही हे डॉक्टरांनी निश्चित करेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असल्यास ते परस्पर बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. प्रौढाने सर्व मिळून २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असते हे हिशेबात धरावे. यकृताचा विकार, मद्यपान किंवा कमी वजन असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. एका सुईत मोकळे करून देतो असे सांगणाऱ्यांपासून दूर राहणे बरे: अशा सुईत बहुधा स्टेरॉइड असते, दोन दिवस हलके वाटते, औषध थांबताच दुखणे पुन्हा उसळते आणि मधुमेह्यांची साखर चढते ती वेगळीच.

खरा प्रश्न सकाळचा असतो. झोपेतून उठल्यावर मूठ वळत नाही, नळाची तोटी फिरत नाही, शर्टाचे बटण लागत नाही. अशा वेळी अंथरुणातच पाच मिनिटे घोटे वरखाली करावेत, मग सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा ते पंधरा मिनिटे हात बुडवून पाण्यातच मूठ सावकाश उघडावी आणि मिटावी, बोटे फाकवावीत, मनगट गोल फिरवावे. प्रत्येक हालचाल दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढे पुरे. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. सांधा सुजून गरम झाला असेल तेव्हा शेक देऊ नये. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवावा आणि जोरात मालिश टाळावी.

व्यायाम किती करावा, याचा एक साधा ठोकताळा आहे: व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर दुसऱ्या दिवशी तो निम्म्यावर आणावा. याउलट, दुखते म्हणून महिनाभर खाटेवर पडून राहिल्यास स्नायू झिजतात आणि सांधे अधिकच आखडतात. कपडे पिळणे, भरलेली बादली उचलणे, उकिडवे बसणे ही कामे काही आठवडे दुसऱ्यांकडे सोपवावीत. कणीक मळण्याचे कामही त्यातलेच आहे, आणि घरच्या बाईकडून ते काढून घेण्याचे सुचवले जात नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले आहे.

रोज सकाळचा आखडलेपणा किती मिनिटे टिकला याची वहीत नोंद ठेवावी. हा काळ कमी होत असेल तर सांधे सुधारत आहेत असे समजावे. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली, तर ती वही घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जावे. आर. ए. फॅक्टर ही संधिवातासाठी केली जाणारी रक्तचाचणी विषाणूसंसर्गानंतर काही काळ सकारात्मक येऊ शकते, म्हणून केवळ त्या एका अहवालावरून कायमचा संधिवात जडला असे मानू नये. अँटी-सीसीपी ही संधिवाताचीच दुसरी रक्तचाचणी आणि प्रत्यक्ष तपासणी यांवरून तज्ज्ञ निर्णय घेतात.

मात्र एकच सांधा लालभडक होऊन पुन्हा ताप आला, पायांतून शक्ती जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, लघवी चहासारखी गडद झाली किंवा छातीत दुखू लागले, तर वहीत लिहीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.