सांगलीहून निघण्याआधी: पोराच्या पहिल्या बेसबॉल ट्रायआउटसाठी

डिसेंबरात मी सांगलीला आले की विश्रामबागेतल्या घरी दोन-तीन कुटुंबं तरी भेटायला येतातच. कुणाचा व्हिसा झालेला असतो, कुणाचं जानेवारीचं तिकीट असतं. कुकर न्यायचा का, स्वेटर इथले घ्यायचे की तिथले, हे सगळं विचारून झालं की चहा संपता संपता मुलांचा विषय निघतो. यंदा माझा सख्खा भाऊच बायकोपोरासकट अमेरिकेत, न्यू जर्सीला यायला निघालाय, म्हणून हे सगळं नीट लिहून काढते. मी तिथं 18 वर्षं आहे. त्यातली गेली नऊ वर्षं आमच्याकडच्या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, ट्रायआउटच्या, म्हणजे निवड चाचणीच्या दिवशी कागदाचं पॅड धरून गुण देणाऱ्यांत मी असते.

पोराबद्दल भाऊ म्हणाला, "ताई, हा क्लबात क्रिकेटला ओपनिंगला खेळतोय की. तिथं काय अवघड जाणाराय?"

भाचा नऊ वर्षांचा. मी बॅगेतून आणलेला ग्लोव्ह, म्हणजे चेंडू झेलायचा मोठा हातमोजा, त्याच्या डाव्या हातात चढवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. पहिला चेंडू मी अलगद उंच टाकला. त्यानं ग्लोव्ह मांडीपाशी तसाच लोंबता ठेवला आणि मोकळ्या उजव्या हातानं झेल घेतला. काय सुरेख झेल होता! बोटं सैल, चेंडू येताना हात छातीकडे ओढलेला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. चौथ्या वेळी मी म्हटलं, आता ग्लोव्हनंच घे. चेंडू ग्लोव्हच्या टाचेवर आपटून खाली पडला. "आत्या, ह्यात हातच वळत नाय," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. नवा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो, तो महिनाभर दाबून, चेंडू आत मारून मारून मऊ करावा लागतो.

फेब्रुवारीतल्या ट्रायआउटला ह्याच पोराला झेलाचे पाचापैकी दोन गुण मिळाले असते, आणि त्याचे हात तिथल्या निम्म्या मुलांपेक्षा चांगले आहेत. मला सांगायचंय ते हेच. गुण देणाऱ्यासमोर तुमचं मूल जेमतेम आठ-दहा मिनिटं असतं, आणि तेवढ्यात दिसतं तेच तो लिहितो. आपल्या मुलांना पुष्कळ येतं, पण ते त्या मिनिटांत दिसत नाही. दिसावं म्हणून काय करायचं, ते सांगते.

आधी एक कागदाचं काम. महानगरपालिकेचा जन्मदाखला सोबत घ्याच, आणि फॉर्म भरताना तारखेकडे डोळ्यांत तेल घालून बघा. तिकडे आधी महिना, मग दिवस लिहितात. लिटल लीग ही तिथली मुलांच्या बेसबॉलची संघटना, तिच्यात बेसबॉलसाठी मुलाचं वय त्या वर्षीच्या 31 ऑगस्टला किती होतं, ते धरतात. समजा मूल 9 ऑगस्ट 2016 चं आहे आणि तुम्ही आपल्या सवयीनं 9/8/2016 लिहिलंत, तर ते 8 सप्टेंबर वाचलं जातं आणि मूल अख्ख्या एका वर्षानं लहान ठरतं. गट बदलतो, आणि नंतर दाखला तपासताना धावपळ होते.

आता ग्लोव्ह. इथं माझ्या हातून चूक झाली आणि ती माझ्या मुलानं भोगली. तो उजव्या हातानं फेकणारा, म्हणून मी उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह आणला. ट्रायआउटला तो बिचारा पूर्ण वेळ डाव्या हातानं फेकत राहिला. चेंडू निम्म्या वाटेतच टप्पे खात थांबायचा. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. लक्षात ठेवा, ज्या हातानं फेकायचं तो हात मोकळा हवा. दुकानात 'राइट हँड थ्रो' लिहिलेला ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा असतो. बॅटवर 'यूएसए बेसबॉल'चा शिक्का आहे ना, तेही बघून घ्या. 2018 पासून लिटल लीगमध्ये तो लागतो.

ट्रायआउटच्या दिवशी पाठीवर नंबर लावतात. गुण देणाऱ्याच्या कागदावर बहुधा नाव नसतं, नंबरच असतो. आमच्याकडे फेब्रुवारीत बाहेर बर्फ असतं म्हणून शाळेच्या जिममध्ये घेतात. लाकडी फरशीवर चेंडू घसरत, मातीपेक्षा कितीतरी वेगानं येतो. चार-पाच जमिनीवरचे चेंडू अडवून पहिल्या बेसकडे (फटका मारल्यावर पळत गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे) फेकायचे, दोन-तीन उंच झेल, सहा-आठ चेंडूंवर फटके, आणि एकदा पळणं. पिचिंग (म्हणजे गोलंदाजी), कॅचिंग (म्हणजे बॅटरमागं यष्टिरक्षकासारखं बसणं) ज्याला करायचंय त्यानं करावं.

जमिनीवरच्या चेंडूला आपली मुलं उभ्यानं वाकतात, पाय मागे ठेवून. तिथं गुडघे वाकवून, ढुंगण खाली टाकून, ग्लोव्ह जमिनीला टेकवून बसलेलं मूल बघायला मिळावं अशी अपेक्षा असते. दुसरा हात ग्लोव्हच्या वर झाकणासारखा. चेंडू अडला नाही तरी चालेल, पण ही बैठक दिसली की मी स्वतः एक गुण जास्त देते, कारण बाकीचं शिकवता येतं. फेकण्यात आपल्या मुलांना फारसं कमी पडत नाही, फक्त आधी पाय वळवून खांदा लक्ष्याकडे करायचा.

फटक्यांचा भाग सगळ्यात अवघड, त्यावर जास्त वेळ द्या. क्रिकेटची पट्टी 66 फुटांची. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये पिचर 46 फुटांवर उभा असतो, आणि चेंडू टप्पा न पडता गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीतून येतो. आपलं मूल सवयीनं बॅट जमिनीला टेकवून उभं राहतं, मग वर उचलेपर्यंत चेंडू कॅचरच्या हातात. बॅट आधीपासून मागच्या खांद्यावर, उभी. पाऊल छोटं. कंबर आधी फिरते, हात मागून येतात. आणि ते सुंदर लेट कट, लेग ग्लान्स विसरायचे, कारण मागे गेलेला चेंडू फाउल, त्यावर धाव मिळत नाही.

सांगलीत असतानाच करता येईल असा सराव सांगते. जुन्या मोज्यात चेंडू घाला, आंब्याच्या फांदीला मुलाच्या कमरेच्या उंचीवर टांगा, आणि रोज पन्नास आडवे फटके मारू द्या. भाचा पहिल्या दिवशी सरळ बॅटनं ढकलत होता. आठव्या दिवशी मोजा फांदीला गुंडाळला गेला आणि तो माझ्याकडे बघून असा हसला की मलाच भरून आलं. आणखी एक: ट्रायआउटला चेंडू सोडून देऊ नये. सामन्यात ते शहाणपण आहे, पण इथं बॅट फिरलीच नाही तर गुण कशाला द्यायचे?

आपल्या सांगलीची स्मृती मानधना उजव्या हाताची, पण डावखुरी फलंदाजी करते. तुमचं मूल तसं असेल तर ते अभिमानानं सांगा. डावखुरा बॅटर पहिल्या बेसला पाऊल-दोन पाऊल जवळ असतो, म्हणून कोचला तो हवाच असतो.

पळताना दोन गोष्टी. फटका बसला की बॅट खाली टाकायची, फेकायची नाही आणि हातात घेऊन तर मुळीच पळायचं नाही. पहिल्या बेसवर थांबायचं नसतं, ओलांडून पुढं जायचं. बेस 60 फुटांवर असतो आणि आपली मुलं क्रीजमध्ये पोचल्यासारखी शेवटची तीन पावलं हळू करतात. स्टॉपवॉचला ती तीन पावलं दिसतात. शाळेत खो-खो खेळलेल्या मुलांचं पहिलं पाऊल मात्र असं सुटतं की बाकीचे कोच माझ्याकडे वळून बघतात. मी स्वतः खो-खोची, मला त्याचं फार सुख वाटतं.

कागदावर रकाने फटका, झेल, फेक, पळणं असे असतात. पण समासात आम्ही जे लिहितो त्यावर ड्राफ्टच्या रात्री, म्हणजे कोच आपापल्या संघासाठी मुलं निवडतात तेव्हा, खरी चर्चा होते. चेंडू पायांमधून गेला, तर मूल त्याच्या मागं पळालं का? "कोपर वर घे" सांगितल्यावर पुढच्याच फेकीत प्रयत्न केला का? ओळीत उभं असताना दुसऱ्याचा चांगला झेल बघून काही बोललं का? आपली मुलं इथं मागे पडतात, कारण मोठ्यांसमोर गप्प राहायचं हे आपणच शिकवलेलं असतं. तिथं गप्प मूल बिथरलेलं वाटतं. उंच चेंडूखाली जाताना "आय गॉट इट" हे खड्या आवाजात ओरडायला घरीच शिकवा. सांगितलेलं कळलं नाही तर विचारायचं, डोळ्याला डोळा देऊन.

गुण कमी आले म्हणून मूल घरी बसत नाही. साध्या गावच्या लीगमध्ये, ज्याला तिथं रेक म्हणतात, कोच आळीपाळीनं मुलं निवडतात आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांना संघ मिळतो. ट्रॅव्हल टीमचं वेगळं. तिथं नाव गळतं, पैसे भरपूर लागतात आणि शनिवार-रविवार दुसऱ्या गावात जातात. पहिल्या वर्षी ट्रॅव्हलच्या मागं लागू नका, हे मी हात जोडून सांगते. शेजारच्या घरातलं पोरगं तिथं आहे म्हणून आपलंही हवं, ह्या हट्टापायी चांगली मुलं खेळच सोडताना मी बघितलीत. दोन-दोन संघांतून पिचिंग केलं तर दंडाचं नुकसान होतं. लिटल लीगमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 75 च्या वर पिच, म्हणजे चेंडू, टाकू देत नाहीत. पण दोन्हीकडची बेरीज बघायचं काम आईबापाचं.

आणि गुण देणारे आम्हीही चुकतो. एकाच गटात सप्टेंबरचं मूल आणि पुढच्या ऑगस्टचं मूल शेजारी उभं असतं, जवळजवळ वर्षाचं अंतर. उंच, दांडगं पोरगं डोळ्यात भरतं. तुमचं मूल गटातलं लहान असेल तर दोन वर्षं धीर धरा.

ट्रायआउटच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा, मूल गरम कपड्यांत असू दे, आणि तुम्ही लांब बसा. जाळीमागून मराठीत "अरे पुढं ये, पुढं ये" ओरडलात की मूल कोचकडे न बघता तुमच्याकडे बघतं, आणि तेही आम्ही टिपतो. संघ ठरला की कोचचा फोन किंवा ई-मेल येईल. त्याच दिवशी उत्तर द्या आणि मदतीला नाव नोंदवा. पार्श्वभूमीची तपासणी करतात, त्याला घाबरू नका, सगळ्यांचीच होते. कोचिंग येत नसेल तर धावफलकाची वही मागा. क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिलेल्या माणसाला ती एका सामन्यात येते, आणि मैदानातली सगळी मुलं चार रविवारांत तुम्हाला नावानं ओळखू लागतात.