यकृताचे खंड ओळखताना या चुका टाळा

फॅल्सिफॉर्म लिगामेंट (यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारी पातळ घडी) दिसलं की त्याच्या उजवीकडचं सगळं 'उजवा खंड' म्हणून मोकळं व्हायचं, हे मी दर बॅचमध्ये बघते. चिडते जास्त, कारण मीही तेच केलं होतं. रेसिडेन्सीत असताना एका सीटीच्या रिपोर्टात 'उजव्या खंडात गाठ' असं ठोकून दिलं. संध्याकाळी सर्जनांचा फोन. "तुझी उजवी गाठ मला डावीकडे का दिसतेय?" स्लाइस पुन्हा उघडल्या. गाठ लिगामेंट आणि पित्ताशयाच्या मधे, म्हणजे सेगमेंट ४ मध्ये (यकृताच्या आठ भागांपैकी डाव्या बाजूचा एक). वरून बघताना उजवीकडची वाटते, पण तिथलं रक्त पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून यकृताला रक्त आणणारी शीर) डाव्या शाखेतून येतं. सरांनी स्वतः सीटी बघितला नसता, तर उजवी बाजू काढूनही गाठ जागच्या जागी राहिली असती.

उजव्या-डाव्याची खरी सीमा पित्ताशयाच्या खाचेपासून इन्फिरिअर व्हेना केव्हा या हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत, म्हणजे कँटलीची रेषा. मिडल हिपॅटिक व्हेन (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक शिरांपैकी मधली) याच प्रतलात धावते. तेव्हापासून मी आधी ती शीर शोधते, व्हेना केव्हापासून खाली उतरत जाते, आणि मगच गाठीकडे बघते. एखादा मिनिट जातो. तेवढाही धीर नसेल तर रिपोर्ट लिहायला बसू नये.

क्विनोचे (१९५७) आठ सेगमेंट पाठ करून आलेलेही फसतात, कारण आकडे पाठ असतात, शिरा नाही. हिपॅटिक शिरा सेगमेंटांमधल्या बांधावरून जातात, पोर्टल शाखा सेगमेंटच्या आत शिरतात. सोनोग्राफीत पोर्टल शाखांच्या भिंती ठळक पांढऱ्या दिसतात, हिपॅटिक शिरांच्या सहसा नाहीत. शंका आली तर शीर व्हेना केव्हापर्यंत नेऊन बघा. तिथे उघडली तर हिपॅटिक.

'यकृताला मुख्य रक्त धमनीचं' हे तोंडी परीक्षेतलं लाडकं उत्तर. सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनचं असतं. ऑक्सिजन मात्र दोघींकडून साधारण निम्मा-निम्मा.

उजवी हिपॅटिक धमनी नेहमीच्या जागी सापडली नाही तर 'दिसत नाही' लिहू नका. सुपीरिअर मेसेंटेरिक या आतड्यांच्या धमनीपासून निघून पोर्टल व्हेनच्या मागून येते का बघा. असे रुग्ण भरपूर भेटतात.

आणि कॉडेट खंड (मागचा सेगमेंट १) डाव्यात ढकलू नका. त्याला रक्त दोन्ही बाजूंनी मिळतं आणि त्याच्या बारीक शिरा थेट व्हेना केव्हात उघडतात. म्हणूनच बड-कियारीत (हिपॅटिक शिरा बंद पडण्याच्या आजारात) बाकीचं यकृत तुंबलं तरी हा खंड फुगलेला दिसतो.