मदतीला हात आखडता घ्या: उजवी बाजू गेलेल्या वडिलांना उभं करताना

माझ्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघाताचा झटका आला. त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत बोलणंही. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की बऱ्याचदा या दोन्ही गोष्टी एकदमच जातात. उजव्या भागाला झटका आला तर डावं अंग जातं, आणि काही जणांना आपल्याला डावी बाजू आहे याचंच भान राहत नाही. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटतो. तेव्हा नेमकी कुठली बाजू आणि काय काय गेलंय, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. शेजारच्या पेशंटला जे चाललं ते आपल्याला चालेलच असं नाही.

हे मी घरच्यांसाठी लिहितेय. थेरपिस्ट येतात, तासभर काम करतात आणि जातात. उरलेला दिवस आपला. त्या उरलेल्या दिवसात एकच गोष्ट अवघड असते: जिथे धोका आहे तिथे काटेकोर राहायचं आणि बाकी सगळीकडे आपले हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. प्रेमाची माणसं नेमकं उलटं करतात. शर्ट घालून देतात, घास भरवतात, वाक्य पुरं करून देतात, आणि उठवताना मात्र दंडाला धरून ओढतात.

घरी आणायच्या आधी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, फाइल, गाडी यातच जीव अडकलेला असतो. म्हणून आदल्या दिवशीच फिजिओथेरपिस्टला गाठा आणि सांगा, पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते आम्ही तुमच्यासमोर करून बघतो. त्यांनी दाखवलं आणि आपण पाहिलं, एवढ्याने भागत नाही. बघताना सगळं सोपंच वाटतं. घरात जे जे हात लावणार आहेत त्या प्रत्येकाने एकदा करून बघावं, आणि परवानगी घेऊन फोनवर चित्रीकरण करून ठेवावं.

आणि हे लेखी मागून घ्या: गिळण्याची तपासणी झाली का, पाणी पातळ चालेल की घट्ट करून द्यायचं, बीपी किती असायला हवं, कुठली गोळी कशासाठी आहे, आणि काय दिसलं तर थेट परत यायचं. ‘होईल हळूहळू बरं’ हे उत्तर मिळालं तर मान डोलवू नका, पुन्हा विचारा.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, मग तो मंदावतो. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. आजूबाजूच्या आणि इतर भागांना त्याचं काम शिकावं लागतं, आणि ते पुन्हा पुन्हा केल्यानेच शिकतात. सहा महिन्यांनी दार बंद होतं असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. वेग कमी होतो, वाट बंद होत नाही. पण सुरुवातीचे महिने वाया घालवण्यासारखे नसतात, हेही तितकंच खरं.

खांदा

सगळ्यात जास्त नुकसान खांद्याचं होतं आणि ते भेटायला आलेली माणसं करतात. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. स्नायू लुळे पडले की हाताचं नुसतं वजनच दंडाच्या हाडाच्या गोळ्याला खांद्याच्या खोबणीतून खाली खेचत राहतं. अशा वेळी कोणी मायेने ‘चला, बसा उठून’ म्हणत त्या हाताला धरून ओढलं, किंवा काखेत हात घालून उचललं, की दुखणं मागे लागतं. मग तो हात हलवायचा व्यायामच नको होतो.

आम्ही पलंगाच्या वरच्या भिंतीवर जाड अक्षरात कागद लावला होता: ‘उजवा हात ओढू नका’. एका काकांना त्याचा राग आला. येऊ द्या राग. बसलेले असताना तो हात मांडीवरून खाली लोंबू देऊ नका, उशीवर किंवा टेबलावर कोपरापासून पंजापर्यंत टेकलेला असू द्या. झोपताना कुशीवर वळवलं तरी खांदा अंगाखाली चेंगरलेला नाही ना, ते बघा. स्वतः वळता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड आणि नितंबाची हाडं रोज उजेडात बघायची. तिथे लाल डाग दिसला आणि जोर काढल्यावरही गेला नाही, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. तिथे चोळू नका, भार काढा आणि नर्सला दाखवा.

पलंगावरून खुर्चीत

खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी टेकवून. चाकांची असेल तर ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेल्या. वडिलांना पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या किंचित मागे. आता त्यांना पुढे वाकायला सांगायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. याचीच त्यांना भीती वाटते, पुढे तोंडावर पडू असं वाटतं, म्हणून ते मागे रेलतात. मागे रेललेला माणूस उचलताना आपली कंबर जाते.

तुम्ही समोर, गुडघे थोडे वाकवून. त्यांच्या अधू गुडघ्याला आपल्या गुडघ्याने हलका अडसर द्यायचा, म्हणजे तो एकदम दुमडणार नाही. धरायचं ते कमरेच्या पट्ट्याला. हात त्यांना आपल्या गळ्यात टाकू देऊ नका. तोल गेला तर दोघंही खाली. आणि ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर आधी त्यांना उठू द्या. पायात जितकी ताकद आहे तितकी लागू दे, कमी पडेल तेवढीच तुम्ही भरा. दर आठवड्याला तुमचा वाटा थोडा थोडा कमी व्हायला हवा. होत नसेल तर थेरपिस्टला विचारा, कारण कदाचित तुम्हीच सगळं उचलताय.

गिळणं

इथे मात्र काटेकोर. गिळताना अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत थेंब गेला की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पक्षाघाताच्या पेशंटला त्या वेळी ठसका येईलच असं नाही. ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा येतोय का ते ऐका. जेवल्यावर श्वास जोरात चालतोय का, वारंवार ताप येतोय का, हेही बघा.

पाठ सरळ ठेवून बसवूनच खायला द्या, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. एका वेळी एक छोटा घास किंवा घोट, तो गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. अधू बाजूच्या गालात घास साठून राहतो. शेवटी तोंड उघडून बघा आणि ब्रश करून घ्या. स्वच्छ तोंडाचं महत्त्व इथे दातांपेक्षा छातीसाठी जास्त आहे. पाणी घट्ट करायची पावडर स्पीच थेरपिस्टने (बोलणं आणि गिळणं दोन्ही तेच बघतात) सांगितली असेल तर त्यांनी सांगितलेल्या मापानेच. ‘एक घोट साधं पाणी दिलं तर काय होतंय’ म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याच्या हाती पेला देऊ नका.

बटणं

कपडे घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना तो सगळ्यात शेवटी बाहेर. एवढं सोडलं तर बाकी सगळं त्यांच्यावर सोपवा.

अण्णांना पुढून बटणांचाच शर्ट हवा असायचा. आईने टी-शर्ट पुढे केला की ते डाव्या हाताने बाजूला सारायचे. रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्यांना सगळ्यात खालच्या बटणापासून सुरुवात करायला शिकवलं, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि दोन्ही कडा बरोबर जुळतात. उजवा पंजा टेबलावर शर्टाच्या कडेवर ठेवायचा, नुसता वजनासारखा. मग डाव्या हाताचा अंगठा बटणावर, बोट काजाच्या मागून. बटण तिरकं करायचं आणि आत सरकवायचं. अर्धं जायचं आणि निसटायचं. पुन्हा. कपाळावर घाम यायचा, जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबलेली. पहिले काही दिवस तिसऱ्या बटणावर हात थकून जायचा, मग उरलेली आम्ही लावायचो. आईला हे बघवत नसे. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची आणि तिथून विचारायची, ‘झालं का हो?’ तिने खोलीबाहेर जाणं हीच त्या वेळची सगळ्यात मोठी मदत होती.

एक काम निवडा, त्याला भरपूर वेळ ठेवा, आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं घरात ठरवून टाका. अधू हाताला रोजच्या कामात काही ना काही जबाबदारी द्या, नुसतं कागद दाबून धरण्याची का असेना. आणि थकवा खरा असतो, त्याला आळस म्हणू नका. दिवसात थोड्या थोड्या वेळाची सत्रं, मधे विश्रांती, आणि अवघड काम सकाळी.

बोलणं

शब्द गेले म्हणजे बुद्धी गेली असं नाही. अण्णांना सगळं कळत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता, किंवा भलताच बाहेर पडत होता. काहींना ऐकलेलं कळायलाही त्रास होतो. ते वेगळं, आणि थेरपिस्ट तपासून सांगतात. मोठ्याने बोलू नका, कान शाबूत आहेत. टीव्ही बंद करा. एका वेळी एक छोटा प्रश्न, आणि मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात. ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल होते, म्हणून महत्त्वाचं काही असेल तर उलटा प्रश्न विचारून खात्री करा. कागद-पेन, बोट दाखवणं, फोनमधले फोटो, सगळं चालतं. कळलं नाही तर कळल्यासारखं करू नका. ‘अण्णा, मला नाही कळलं, पुन्हा सांगा’ म्हटलेलं त्यांना जास्त आवडतं. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं मात्र पूर्ण बंद.

एक गंमत सांगते. आईचं नाव त्यांना घेता येत नव्हतं, पण मी ‘बे एके बे’ सुरू केलं की ‘बे दुणे चार’ धडधडत बाहेर यायचं. घोकलेलं, मोजणं, गाणं, कधीकधी शिवीसुद्धा, हे वेगळ्या वाटेने येतं आणि बऱ्याच जणांचं वाचतं. 1861 मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने ज्या पेशंटचा अभ्यास मांडला त्याला ‘टॅन’ एवढंच बोलता यायचं, आणि रागावला की शिवी. पाढ्यांनी संवाद होत नाही, पण तोंडातून पुन्हा आवाज निघतोय याचा धीर येतो. स्पीच थेरपिस्ट त्याचा पायरीसारखा वापर करून घेतात.

रडणं

बातमी लागली तरी रडू, नातवाला पाहिलं तरी रडू. यातलं काही मेंदूच्या इजेमुळे भावनांचा लगाम सुटल्याने असतं. रडू येतं आणि विषय बदलला की लगेच थांबतं. पण साधारण तीनातल्या एकाला पक्षाघातानंतर खरंखुरं नैराश्य येतं. व्यायामाला नकार, जेवण नको, झोप नाही, कोणाशी डोळा न मिळवणं. ‘मन खंबीर करा’ हा त्यावर उपाय नाही. दोन्हींवर औषधं आहेत. डॉक्टरांना सांगा, आणि तसं सांगायला हरकत नाही ना, हे आधी अण्णांनाच विचारा.

घर आणि दुसरा झटका

सैल पायपुसणी उचला. बाथरूममध्ये भिंतीत पक्के बसवलेले दांडे हवेत. टॉवेल टांगायच्या दांडीला धरलं की ती भिंतीसकट येते. रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

एकदा येऊन गेलेला झटका पुन्हा येऊ शकतो. तोंड एका बाजूला ओढलं, हात उचलला की खाली पडतोय, बोलणं अडखळतंय: यातलं काही नव्याने किंवा आधीपेक्षा वाढलेलं दिसलं की ताबडतोब निघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ती वेळ लिहून घ्या. घरात अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण या वेळी रक्तस्राव असला तर ते उलटेल. तोंडात काहीही घालू नका. बीपी रोज ठरलेल्या वेळी, वहीत. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणं हा सगळ्यात घातक प्रकार, आणि तो वडीलमंडळी गुपचूप करतात. गोळ्यांचा डबा आठवड्याचे कप्पे असलेला घ्या आणि रिकामा कप्पा स्वतः बघा.

कामं वाटून घ्या, पण कागदावर. दादा लांब राहतो, तर विम्याची कागदपत्रं, हिशोब, डॉक्टरांच्या वेळा हे सगळं त्याच्याकडे. आईला आठवड्यातून निदान एक दुपार घराबाहेर, तिने ‘मला नको’ म्हटलं तरी.

शेवटी गाडीची किल्ली. पाय चालायला लागले की हा विषय निघतोच. नजरेचा अर्धा भाग गेलेला असू शकतो आणि तो त्यांना स्वतःला कळत नाही. ब्रेकपर्यंत पाय पोचायला लागणारा वेळही वाढलेला असतो. ‘आम्ही नाही देणार’ असं म्हणून भांडू नका. डोळ्यांची तपासणी करा आणि निर्णय डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांगू द्या. तोवर किल्ली दादाकडे.