बीएला तत्त्वज्ञान घेतलंय? मग आधी एक वही घाला

दर जूनमध्ये एखादे वडील मुलीसमोरच मला विचारतात, "मॅडम, तत्त्वज्ञान घेऊन हिला मिळणार काय?" यूपीएससीला हा विषय घेता येतो, हे त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं. मी मुलीकडे वळते. दोनशे पानी वही घाल म्हणते, आणि वर लिही: पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं.

डाव्या पानावर आपल्याला न पटणारं मत लिहायचं. तेही असं, की ज्याचं मत आहे त्यानं वाचून म्हणावं, "हो, हेच म्हणतोय मी." सुरुवात वडिलांपासूनच करा. घरात एकच पगार, धाकट्याची फी, तीन वर्षं हातात काही नाही. हे सगळं न चिडता लिहिता आलं पाहिजे. उजवं पान आठवडाभर कोरं ठेवायचं. चौदाव्या शतकातला 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिणारे माधवाचार्य स्वतः वेदान्ती, पण पहिलं प्रकरण वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं. चार्वाकांचे ग्रंथ जवळजवळ उरले नाहीत. आपल्याला ते माहीत आहेत ते मुख्यतः विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षातून.

मग उजवं पान: त्या मताची तपासणी. इथे नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांची, एक युक्ती वापरा. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे आग आहे; ठीक. आता उलटं करा: आग आहे, म्हणजे धूर असणारच? लोहाराच्या भट्टीतला लालबुंद गोळा बघा. आग आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. अशा लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. (पदवीलाही आपण उपाधीच म्हणतो, पण तो विनोद वर्गात एकदाच चालतो.) माझ्या एका विद्यार्थिनीनं बसच्या पाठीवरची क्लासची जाहिरात वहीत उतरवली: 'आमची मुलं पहिली येतात.' उजवीकडे तिनं लिहिलं: 'ओलं सरपण कुठलं? हे लोक चाळणी परीक्षा घेऊनच मुलं निवडतात.' एवढं सुचलं की तर्कशास्त्राचा पेपर अवघड जात नाही.

गाइड परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठेवा. सगळ्यावर संशय घेऊन सुरुवात करणारा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त मी गाइडमधून पाठ केला होता, मार्क बरे पडले. पुढे एमएच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं, "त्याच्या संशयात वेडे कुठे येतात?" मी गप्प. त्याच्या १६४१ च्या 'मेडिटेशन्स' या पुस्तकातलं पहिलं चिंतन जेमतेम काही पानांचं आहे, आणि त्यात आपलं अंग काचेचं आहे असं वाटणारी माणसं सुरुवातीलाच भेटतात. ती पानं पाच वेळा वाचा. शब्द अडला तर वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश ग्रंथालयात मागा. बहुतेक धूळ झटकूनच मिळेल.

आणि वर्गात माझंही एखादं वाक्य डाव्या पानावर घ्या. आठवड्यानं उजवं पान भरलं की दाखवायला आणा. मी स्टाफरूममध्ये अडीचपर्यंत असते.