आखाजीच्या उन्हात वाकलेला टोप

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सकाळी मी डोक्यावर घालायचा सरदारी टोप, थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा छापून घेतलेला, प्राइमर (रंगाआधीचा हात) मारून माडीच्या पत्र्यावर वाळत ठेवला. खाली माय खापरावर पोळ्या टाकत होती. मी आमरसाला बसले आणि टोप विसरले. दोन वाजता वर गेले तर डाव्या कानावरची कड आत दुमडलेली, शेंडा बसल्या बसल्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा कललेला. शेजारचे आप्पा ठिबकच्या नळ्या जोडायचं काम करतात. त्यांनी कड बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "बेटा, हाई काई पाइप नही, हाई मेणबत्ती शे."

आप्पांचं बरोबर होतं. थ्रीडी प्रिंटवाले बहुतेक वेळा पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात. ते स्वस्त असतं, छान छापलं जातं, पण साधारण ६० अंशांना मऊ पडतं. आमच्या अमळनेरला मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशीच्या वर असतो. तापलेला पत्रा किंवा बंद गाडी ६० अंश सहज गाठते. पुण्यातल्या मुलामुलींचे व्हिडिओ पाहून मी हे काम शिकले. त्यात ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, कारण त्यांना ती कधी नडलीच नसणार. दुसऱ्या खेपेला मी पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक मागितलं. ते ८० अंशांच्या आसपास टिकतं. घासायला मात्र चिवट आहे आणि फेविक्विकही त्याला मनापासून धरत नाही.

आता मुळातून सांगते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत, १९ फेब्रुवारीला, मला सरदाराच्या वेशात चालायचं होतं. गल्लीत सगळे माझ्या टोपाला जिरेटोपच म्हणत. जिरेटोप वेगळा. मला हवा होता लोखंडी टोप: वाटीसारखा घुमट, वर टोकदार शेंडा, कपाळाशी तुरे खोवायच्या दोन नळ्या, स्क्रूने वर-खाली होणारी नाकपट्टी, आणि मानेवर लोंबणारी कड्यांची झिलम. ही घडण इराणकडून आली आणि मोगलांकडे, दख्खनेत रुळली.

पहिली चूक मापाची. मी कपाळावरून, कानांच्या वरून टेप फिरवली, ५५ सेंटिमीटर आलं, आणि तेच जळगावच्या प्रिंटवाल्याला सांगितलं. दोन चुका एकात. एक म्हणजे माझी वेणी मोजली नव्हती. वेणी गुंडाळून मोजलं तेव्हा माप ५७ झालं. दुसरं म्हणजे आतल्या फोमला जागाच नव्हती. चौफेर एक सेंटिमीटर जाड फोम लावायचा तर घेर सव्वासहा सेंटिमीटरने वाढतो. शाळेतलं दोन पाय आर, दुसरं काही नाही. थोडी ढिलाई धरून टोपाचा आतला घेर ६४ हवा होता. म्हणजे वाकला नसता तरी पहिला टोप माझ्या डोक्यात गेलाच नसता, आणि पत्र्यावर सोडल्याचं दुःख त्यामुळे जरा कमी झालं.

एवढा टोप समोरून मागे २२ सेंटिमीटरच्या पुढे जातो. साध्या मशीनचा पाट तेवढाच असतो, म्हणून घुमट चार फाकांत छापला. फाका वर्तमानपत्रात गुंडाळून जळगावहून गाडीने आणल्या. शेजारी बसलेल्या आजींना मडकं फुटलंय असंच वाटलं.

जोडण्याआधी फाका कोरड्या बसवून बाहेरून कागदी टेपने घट्ट बांधा आणि शेंड्याच्या बाजूने डोळा लावून पाहा. कुठे पायरी दिसली तर आत्ताच घासा, नंतर ती लपत नाही. मग आतून सांध्यावर फेविक्विकचे थेंब आणि त्यावर खायच्या सोड्याची चिमूट. सोडा पडताच थेंब दगड होतो. गरमही होतो आणि धूर डोळ्यांत जातो, तेव्हा तोंड लांब ठेवा. हा फक्त टाका समजा. खरी पकड आतून एम-सीलची जाड पट्टी फिरवली की येते. पीईटीजीला ती लावण्याआधी सांधा पॉलिश पेपरने खरबरीत करून घ्या.

छपाईचे थर बोटाला रेघांसारखे लागतात. त्यांच्यासाठी मी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या काकांकडे गेले. तो या सगळ्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय. त्यांनी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायला शिकवलं: लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढा हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारा मसाला. जास्त घातला तर पत्तीवरच आवळते, आणि आमच्या उन्हाळ्यात तर चार मिनिटंही देत नाही. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या. पातळ थर, मग पॉलिश पेपर १२०, मग २२०. पुढे ४०० आणि ८०० चा वॉटर पेपर, पाण्यात बुडवून, हातानेच. मशीन लावलं की प्लास्टिक तापून पेपराला चिकटतं. करड्या प्राइमरचा हात मारला की झाकलेले सगळे खड्डे वर येतात, मग पुन्हा लांबी. माझ्या चार फेऱ्या झाल्या. कोरडं घासताना तोंडाला मास्क हवाच.

रंग मला सोपा गेला. आधी काळा मॅट, तो पूर्ण वाळल्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड सुती चिंधीने चोळली. चंदेरी स्प्रेने टोप स्टीलच्या डब्यासारखा दिसतो, शिशाने लोखंडासारखा. वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक स्प्रे मारा, नाहीतर पूड हाताला लागत राहते.

झिलम खरी करायची हौस होती. तार सळईवर गुंडाळून कड्या कापल्या आणि एका कडीत चार अशा गुंफायला बसले. तीन संध्याकाळींत पोळीच्या चतकोराएवढा तुकडा झाला, बोटांना फोड आले. माय बघत होती. म्हणाली, "लोकर आण." जाड करडी लोकर, जाड सुया, सगळे टाके सुलट. चार दिवसांत मानेभोवतीचा पडदा तयार, त्याला वरवर चंदेरी हात दिला. दहा हातांवरून कुणाला ओळखू येत नाही. चतकोर तुकडा मी कपाळाजवळ, जिथे लोक नाक खुपसून बघतात, तिथे लावला.

नाकपट्टी छापून घेऊ नका, मोडते. खिडक्यांची सेक्शन बनवतात तिथून तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, कडा घासून गोल करा. शेंडाही बोथटच ठेवा, गर्दीत लहान मुलं असतात. हनुवटीचा पट्टा बॅगा शिवणाऱ्याकडून बक्कल लावून घ्या. फोमच्या आत बागायतदार रुमाल बांधला तर घाम डोळ्यांत उतरत नाही. आणि हा टोप घालून स्कूटी चालवायची गंमत करू नका, याने डोकं वाचत नाही.

मिरवणुकीत तो साडेतीन तास डोक्यावर होता. दुसऱ्या चौकात एक तुरा निसटला, बाकी काही हललं नाही. आता तो आतल्या अंधाऱ्या खोलीत, मायच्या ज्वारीच्या कोठीवर असतो. मे महिन्यात घरातली सर्वांत गार जागा तीच.