आधी तेल हुंगा, मग व्हिटॅमिन टाका

दौंड तालुक्यात आमचं तीन हजार कोंबड्यांचं शेड आहे, खाद्य मी घरीच बनवते. एका मे महिन्यात अठरा दिवसांची पिल्लं मान मागे टाकून पाठीवर पडायला लागली. पाय ताठ, बोटं आवळलेली. सगळे म्हणाले, मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. डॉक्टरांनी मेलेल्या पिल्लाचं डोकं उघडून दाखवलं: लहान मेंदू सुजलेला, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. ई जीवनसत्त्व कमी पडलं होतं. प्रीमिक्स, म्हणजे जीवनसत्त्वं-खनिजांची तयार पावडर, तर मी न चुकता टाकत होते! मग पत्र्याला टेकवून ठेवलेला तेलाचा डबा उघडला आणि जुन्या रंगासारखा भपकारा आला. खवट तेल खाद्यातलं ई संपवून टाकतं.

म्हणून सुरुवात तेलापासून. थेंबभर तळहातावर चोळा, हुंगा. खवट असेल तर परत करा, त्यावर कुठलीही पावडर चालत नाही. तांदळाचा कोंडाही असाच तपासा, तो फार लवकर खवटतो.

तेल चांगलं असेल तर ते चांगलं टिकवायला बीएचटी लागतं, म्हणजे तेल खवट होऊ न देणारी पावडर. टनभर खाद्याला १२५ ग्रॅम, आधी कोमट तेलात पूर्ण विरघळवून. इथे बरेच जण फसतात. त्यांना वाटतं ई टाकलं की तेलही सांभाळलं जातं. बाजारातली ई पावडर ॲसिटेट रूपातली असते, ती पक्ष्याच्या पोटात गेल्यावरच कामाला लागते. पोत्यातल्या तेलाला तिचा उपयोग नाही.

ई मी उन्हाळ्यात प्रीमिक्सच्या वर देते: ५० टक्क्यांची पावडर टनाला १०० ग्रॅम, म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅम. ही चिमूटभर वस्तू सरळ मिक्सरमध्ये ओतू नका. आधी दोन किलो मक्याच्या भरड्यात हाताने कालवा, मग ते वीस किलोत, मग मिक्सरमध्ये.

सेलेनियम हे खनिज मात्र वरून अजिबात टाकू नका. प्रीमिक्सच्या पिशवीवर बघा, किलो खाद्याला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास बसत असेल तर तेवढं पुरे. जास्त झालं तर ते विष आहे.

सी जीवनसत्त्व कोंबडी स्वतः बनवते, पण दुपारी पंख पसरून धापा टाकायला लागली की ते पुरत नाही. पाण्यातून द्यायचं तर सकाळी, ऊन चढायच्या आत, दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा. गंजलेल्या टाकीत ते लगेच वाया जातं, प्लास्टिकची टाकी वापरा.

कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर त्यांच्या खाद्यात स्वतःहून काही मिसळू नका, सुपरवायझरला विचारा. आणि मान वाकडी दिसली की शवविच्छेदन कराच, कारण ती खरंच मानमोडीही असू शकते.

मे महिन्यात मी आता आठ दिवसांपुरतंच खाद्य दळते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि तेलाचा डबा घरात, माठाशेजारी.